जाळरेषेपलीकडचं निळं रान

माझे काका वनखात्यात होते. चंद्रपूर जिल्ह्यात वनपाल म्हणून रुजू झाले आणि वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांना कुठल्याही लग्नकार्याला धरून चालायचं नाही, कारण तो वणव्याचा हंगाम. रानातून परतले की त्यांच्या सदऱ्याला राखेचा वास यायचा. ओल्या फांद्यांनी आग झोडपून झोडपून तळहाताला फोड आलेले असायचे. आजी त्यावर खोबरेल लावायची आणि काही बोलायची नाही.

यंदाच्या मे महिन्यात काका माझ्याकडे आले, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला. शहराच्या पश्चिमेला पाइन बुश नावाचं राखीव रान आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे स्वयंसेवक म्हणून जाते. बिया वेचते, तण उपटते, हंगामात फुलपाखरं मोजते. मेच्या अखेरीस तिथे रानटी लुपिन फुलतं आणि वाळूच्या टेकड्यांवर निळी-जांभळी साय धरते. ती काकांना दाखवायची म्हणून मी त्यांना घेऊन गेले. पण वाट वळली तशी आधी एक काळाठिक्कर तुकडा समोर आला आणि काका जागीच थांबले.

आमचं बोलणं तिथून सुरू झालं ते जुलैपर्यंत चाललं. आठवतं तसं लिहिते आहे. काकांचं म्हणणं मी कुठेही पातळ केलेलं नाही.

काका : हे कधी जळलं?

मी : एप्रिलमध्ये. आपोआप जळलं नाही, जाळलं. इथली राखण करणाऱ्या माणसांनीच, ठरवून.

काका : राखीव रानात? राखणाऱ्यांनीच? अगं, मी उभी नोकरी आग विझवण्यात घालवली. उन्हाळ्याच्या रात्री डोंगराच्या कडेनं लाल रेघ सरकताना दिसली की जेवणाचं ताट तसंच ठेवून निघायचो. सागाची हातभर रोपं एका रात्रीत काळी झालेली पाहिली आहेत. जमिनीवर घरटं करणारी पाखरं धुरात घिरट्या घालताना पाहिली आहेत. मोह वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवायचा, तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून कुणी काडी टाकायचा आणि पेटायचं दहा पिढ्यांचं रान. मला सांगू नकोस की आग चांगली असते.

मी : आग चांगली असते असं मी म्हणतच नाही. या रानाला आगीची सवय आहे, एवढंच म्हणते. आणि ते ज्या फुलाकडे बघून कळतं, ते पुढच्या वळणावर आहे. चला.

पुढच्या उतारावर लुपिन होतं. गुडघ्याएवढी झाडं, प्रत्येकाला उभा तुरा, तुऱ्यात खालून वर उमलत गेलेली निळी-जांभळी फुलं. काका उकिडवे बसले. त्यांनी पान हातात घेतलं. पंजा पसरावा तसं पान, सात ते अकरा बोटांचं, आणि मधोमध कालच्या पावसाचा एक थेंब, पाऱ्यासारखा.

काका : हे तर आपल्या तागाच्या कुळातलं. फूल बघ, वर पताका, बाजूला दोन पंख, खाली होडी.

मी : त्याच कुळातलं, वाल-वाटाण्याच्या. भुंगा त्या होडीवर बसला की त्याच्या वजनानं ती खाली दबते आणि टोकातून पराग वर ढकलला जातो, पिचकारीतून यावा तसा. ही जात इथलीच, अमेरिका खंडाच्या पूर्व भागातली. न्यू इंग्लंडपासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला विस्कॉन्सिन-मिनेसोटापर्यंत ती तुकड्यातुकड्यांनी सापडते. वर कॅनडातही आहे, टोरोंटोच्या हाय पार्कमधल्या काळ्या ओकच्या रानात. पण कुठेही गेलात तरी तिची अट एकच, कोरडी वाळू आणि डोक्यावर ऊन. दिवसभर तिची पानं सूर्याच्या मागे फिरतात, म्हणून इथले लोक तिला छायाघड्याळाचं लुपिनही म्हणतात.

काका : वाळूत हे जगतं कशावर?

मी : सोटमूळ खूप खोल जातं. मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. लुपिन हे नाव लॅटिनमधल्या लांडग्याच्या नावावरून आलं. जुन्या काळी युरोपातल्या लोकांची समजूत होती की ही झाडं लांडग्यासारखी जमिनीचा कस खाऊन टाकतात. खरं उलट होतं. जमीन आधीच नापीक होती, तिथे दुसरं काही तग धरत नव्हतं, म्हणून ही झाडं तिथे दिसत होती.

काका : म्हणजे चोराच्या घरात सापडला म्हणून पाहुण्यालाच चोर ठरवलं.

मी : अगदी तेच. आणि नाव तेवढं चिकटून राहिलं.

काका : ठीक आहे, झाड गुणी आहे. पण गुणी झाडाला आगीची गरज का पडावी? त्याला त्याच्या वाळूत सुखानं राहू द्या ना. आमच्याकडे म्हणतात, रान राखायचं तर माणूस बाहेर ठेवा.

मी : राहू दिलं तर काय होतं ते इथल्या लोकांनी पाहिलं आहे. हिमनद वितळले तेव्हा, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, इथे मोठं सरोवर होतं. ते ओसरलं, तळाची वाळू उघडी पडली आणि वाऱ्यानं तिच्या टेकड्या केल्या. त्या वाळूवर पिच पाइन आणि खुजे ओक आले. पाइनचं लाकूड राळेनं भरलेलं, ओकचा पाचोळा कोरडा, वाळूत पाणी ठरत नाही. अशा रानात आग लागणारच. कधी विजेनं लागली, कधी इथल्या मूळच्या लोकांनी शिकारीसाठी आणि मोकळ्या जागेसाठी लावली. झाडं तिच्याशी जुळवून घेत गेली. पिच पाइनचं खोड जळालं तरी जाड सालीखालच्या कळ्यांमधून पुन्हा पालवी फुटते. ओक मुळापासून फुटतो. लुपिनचं वरचं सगळं जळतं, पण जमिनीखालचं मूळ शाबूत राहतं, आणि वर सावली करणारी झुडपं हटलेली असतात.

काका : आणि आग आली नाही तर?

मी : तर ओक दाटतो, त्यावर पाइन, मग अ‍ॅस्पेन, मग मेपल. बघणाऱ्याला वाटतं रान हिरवं होतंय, वाढतंय. खाली लुपिनला आधी फुलं कमी येतात, मग येतच नाहीत. काही वर्षं नुसती पानं दिसतात आणि मग तीही नाहीत. कुणी तोडलं नाही, कुणी जाळलं नाही, कुणी विष घातलं नाही. सावलीनं मेलं.

काका बराच वेळ गप्प होते. वरून द्रुतगती महामार्गाचा आवाज येत होता. तो रस्ता या रानातूनच काढलेला आहे. शेजारी मोठा मॉल आहे, कचरा डेपोची टेकडी आहे. पूर्वी पंचवीसएक हजार एकरांवर पसरलेलं हे रान आता तीन हजारांच्या थोडं वर उरलं आहे, तेही तुकड्यांत.

काका : मग निसर्गालाच करू दे. वीज पडेल तेव्हा पडेल. माणसानं देवाची कामं अंगावर का घ्यावी?

मी : वीज पडली तर अग्निशमन दलाची गाडी दहा मिनिटांत येईल, काका. यायलाच हवी, भोवती घरं आहेत. पूर्वी आग मैलोन्मैल धावायची, आता रस्ता ओलांडू शकत नाही. म्हणजे आपण आधीच हात घातलेला आहे. आग थांबवणं हीसुद्धा एक कृतीच आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण तिला निसर्ग म्हणतो. या देशात १९३५ मध्ये वनखात्यानं नियमच केला होता की कुठेही आग लागली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ मध्ये स्मोकी नावाचं अस्वल भित्तिचित्रांवर आलं आणि पुढे वणवे फक्त तुम्हीच टाळू शकता, हे पोराटोरांच्या मनावर ठसलं.

काका : चांगलंच होतं की.

मी : पश्चिमेतल्या मोठ्या जंगलांसाठी त्यात चांगलं किती नि वाईट किती यावर अजून वाद चालू आहे. पण योग बघा. त्याच १९४४ साली व्लादिमीर नाबोकोव्ह, हो, 'लोलिता' लिहिणारे, हार्वर्डच्या संग्रहालयात फुलपाखरांवर काम करत होते. त्यांनी एका लहानशा निळ्या फुलपाखराचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. नमुने इथले, याच वाळूतले. जवळच कार्नर नावाचा रेल्वेथांबा होता, म्हणून ते कार्नर ब्लू. त्याची अळी जगात एकाच झाडाची पानं खाते. हे जे तुमच्या हातात आहे, त्याची. ज्या वर्षी त्याला नाव मिळालं, त्याच वर्षी त्याचं घर सावलीत बुडवणाऱ्या विचाराला चेहरा मिळाला.

काका : दिसेल का आज?

मी : पहिली पिढी मेअखेरीस उडायला लागते. बघू.

दिसलं. नखाएवढं, पंख पसरले तर जेमतेम एक इंच. नराचा वरून रुपेरी निळा रंग, पंख मिटले की करड्यावर नारिंगी ठिपक्यांची कड. ते एका पानावर बसलं आणि काकांनी श्वास रोखला. जवळच्या एका पानावर धूसर खिडक्या पडलेल्या होत्या. अळी पान खालून कुरतडते आणि वरची पातळ त्वचा सोडून देते, म्हणून उजेडात ते पान खिडकीसारखं दिसतं. काही अळ्यांच्या भोवती मुंग्या असतात. अळी गोड रस देते, मुंग्या तिच्याभोवती पहारा करतात.

काका : आता मला सांग, वर्षातून दोन पिढ्या, म्हणजे उन्हाळ्यात घातलेली अंडी हिवाळाभर इथेच, बर्फाखाली?

मी : हो. देठांवर, पाचोळ्यात. एप्रिलमध्ये फुटतात.

काका : आणि तुम्ही एप्रिलमध्ये आग लावता.

मी : लावतो. त्या तुकड्यातली अंडी जळतात.

काका : इतक्या शांतपणे सांगतेस?

मी : शांतपणे नाही सांगत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हेच विचारलं होतं. म्हणूनच संपूर्ण रान कधीच एकदम जाळत नाहीत. एका वेळी एक छोटा भाग, बाकीचा राखून. हे फुलपाखरू फार लांब उडत नाही, बहुतेक दोनशे मीटरच्या आतच फिरतं. म्हणून जळलेल्या तुकड्याच्या शेजारी फुलपाखरांनी भरलेला तुकडा असलाच पाहिजे, नाहीतर परत येणारं कुणी उरत नाही. शिवाय त्यांना निव्वळ उघडं ऊनही नको असतं. अर्धवट सावलीतलं लुपिन उशिरापर्यंत कोवळं राहतं, उन्हाळ्याच्या अळ्यांना ते लागतं. म्हणजे उघडं, अर्धं झाकलेलं, नुकतं जळलेलं, चार वर्षांपूर्वी जळलेलं, असं गोधडीसारखं रान हवं.

काका : आणि हे सगळं तुम्हाला बरोबर कळलंय, याची खात्री?

मी : पूर्ण नाही. १९९२ च्या डिसेंबरात हे फुलपाखरू देशाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आलं. कॅनडात तोवर ते दिसेनासंच झालं होतं. इथे १९९१ पासून ठरवून आगी लावायला सुरुवात झाली. काही शेकड्यांवर आलेली फुलपाखरं हजारांत गेली. त्यासाठी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये अळ्या वाढवून इथे आणून सोडाव्या लागल्या, लुपिन पुन्हा पेरावं लागलं. पण मिशिगन सरोवराच्या काठी इंडियाना ड्यून्समध्ये २०१२ साली वसंत फार लवकर तापला, मग दुष्काळ पडला आणि तिथलं हे फुलपाखरू गेलं. तिथेही माणसं रान सांभाळतच होती. बर्फाची गोधडी पातळ झाली, ऊन वेळेआधी आलं, तर आमच्या काडीपेटीचा काही उपयोग नाही. हे मी मान्य करते.

काका : मान्य करतेस हे बरं झालं. कारण मला भीती कसली वाटते माहीत आहे? ज्याच्या हातात काडी असते त्याला हळूहळू आपण सगळं जाणतो असं वाटायला लागतं.

घरी परतल्यावर त्यांनी दुसरा मुद्दा काढला. माझ्या अंगणातल्या लुपिनकडे बोट दाखवून.

काका : एवढा खटाटोप करण्यापेक्षा बियांचं पाकीट आणून पेरा. तुझ्या दारात कसं उभं आहे बघ, त्या रानातल्यापेक्षा दुपटीनं उंच, गुलाबी, पांढरं, जांभळं.

मी : तेच माझं चुकलेलं काम आहे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी पाकिटावर लुपिन लिहिलेलं बघून पेरलं. ते पश्चिम किनाऱ्याकडचं, मोठ्या पानांचं लुपिन निघालं. दिसायला राजबिंडं, पण कार्नर ब्लूच्या अळीच्या उपयोगाचं नाही. मेन राज्यात रस्त्याच्या कडेला हजारोंनी तेच फुलतं. पर्यटक त्याचे फोटो काढतात आणि मूळचं रानटी लुपिन तिथून नाहीसं झालेलं आहे. एकाच्या जागी दुसरं आलं आणि रंग तोच राहिल्यामुळे कुणाला काही गेल्याचं कळलंच नाही. यंदा बी धरायच्या आत मी अंगणातले सगळे तुरे कापणार आहे.

काका : सुंदर फूल कापणार?

मी : हो.

काका : (थोडं थांबून) वाशीमकडे बदली होती तेव्हाची गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकात. गायरानं, माळ, सगळीकडे झाडं लावायचा हुकूम. आम्ही सुबाभूळ लावली. वर्षात डोक्याएवढी झाली, अहवालात हिरवा आकडा भरला. तिथला एक धनगर येऊन विचारायचा, साहेब, मेंढरं कुठं न्यायची? मी त्याला म्हणायचो, अरे, ओसाड माळाचं रान करतोय, तुझ्याच नातवांसाठी. त्या माळावर धाविक पक्षी असायचे, चंडोल असायचे. पाखरू उघड्या जमिनीवर अंडं घालायचं. सुबाभूळ मोठी झाली तसं कुणीच दिसेना. मला वाटायचं, पाखरं काय, दुसरीकडे गेली असतील.

मी : सुबाभूळही लुपिनच्याच कुळातली.

काका : माहीत आहे. म्हणून तर आठवलं.

मी : इथेही तसंच झाड आहे, ब्लॅक लोकस्ट. याच देशातलं, पण या वाळूतलं नाही. तेही हवेतला नत्र जमिनीत आणतं. ऐकायला पुण्याचं काम वाटतं, पण त्या खतानं दुसरी गवतं माजतात, सावली होते आणि लुपिनची उपाशी वाळू संपते. म्हणून मोठाली झाडं मुळासकट काढावी लागली. लोकांनी विचारलं, राखीव रानात झाडं तोडता? त्यांनाही हेच उत्तर द्यावं लागलं.

काका : सातबाऱ्यावर माळाला पोटखराबा लिहितात. पडीक लिहितात. तुझ्या त्या लांडग्याच्या नावासारखंच. एकदा कागदावर तसं नाव पडलं की मग त्या जागेचं काहीही केलं तरी ते सुधारणाच ठरते.

एवढं झाल्यावर मला वाटलं वाद संपला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी काकांनी तो पुन्हा उभा केला, आणि बरं झालं.

काका : रात्रभर विचार केला. सुबाभळीचं कबूल. पण आगीचं नाही. माळावर झाड लावू नये हे मला पटतं. म्हणून आग लावावी हे कसं निघतं? कापा, चरायला सोडा, उपटा. आगच का?

मी : ज्यानं रान उघडं राहील ते काहीही चालतं, काका. लुपिनला आगीशी देणंघेणं नाही, उजेडाशी आणि उघड्या वाळूशी आहे. सॅराटोगाच्या छोट्या विमानतळावर गवत कापतात, म्हणून धावपट्टीच्या कडेला लुपिन आहे आणि फुलपाखरंही. विजेच्या तारांखाली झाडं वाढू देत नाहीत, तिथे आहे. विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट मॅकॉय या लष्करी तळावर रणगाडे माती उकरतात, त्या चाकोऱ्यांच्या कडेनं ते भरभरून येतं. इथेही यंत्रानं कापणी करतात. पण कापलं तर पाचोळा तिथेच राहतो आणि मग बी वाळूपर्यंत पोचत नाही. आग पाचोळा खाते, बीच्या कठीण सालीला तडा जायला मदत करते. काही पाइनची राळेनं बंद झालेली फळं उघडते. कापणं आणि जाळणं एकमेकांची कामं पूर्ण करतात.

काका : हं.

मी : आणि एक विचारू? रागावू नका. जाळरेषा कशानं करत होतात?

काका बोलले नाहीत.

मी : जानेवारीत गवत वाळलं की पट्टा साफ करायचा आणि मग?

काका : मग पेटवायचा. वारा पडल्यावर, संध्याकाळी. दोन्ही कडांना माणसं उभी करून. पंधरा फेब्रुवारीच्या आत.

मी : आगीला आगीनंच अडवत होतात.

काका : (हसून) तीस वर्षं मजुरांना मीच सांगायचो की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं लावा, म्हणजे आग पावलानं चालेल, धावणार नाही.

मी : इथेही तेच सांगतात. हवेतली आर्द्रता किती, वारा कुठून, धूर महामार्गावर जाणार का, सगळं आधी बघतात. एक जण जबाबदार. त्यानं नाही म्हटलं तर सगळी तयारी झालेली असली तरी त्या दिवशी काडी ओढत नाहीत. शेजारच्या घरांना आधी कळवलेलं असतं.

काका : मग मोहाखाली आग लावणाऱ्या बाईवर मी वनगुन्हा नोंदवला, ते बरोबर होतं की चूक?

हा प्रश्न मी त्यांना विचारायला धजले नसते. त्यांनी तो स्वतःला विचारला.

मी : तुम्हाला काय वाटतं?

काका : मला वाटतं, दोन गोष्टी मी एक करून टाकल्या. तिची आग आणि ही आग यांतला फरक आग नाही. फरक वर्षांचा आहे. आमच्याकडे त्याच जागी दरवर्षी आग जायची. साग असो, धावडा असो, रोपाला वर यायला पाच-सहा वर्षं मिळाली नाहीत तर रान म्हातारं होतं. वर मोठी झाडं, खाली पोरं नाहीत. त्या आगीशी मी भांडलो ते बरोबरच होतं आणि उद्या पुन्हा भांडेन. पण मी तिला कधी विचारलं नाही की, बाई, तुझ्या आज्या-पणज्या कधी लावायच्या, कुठे लावायच्या, किती वर्षांनी. कुणीच विचारलं नाही. तिला रानाचं जे ठाऊक होतं ते गुन्ह्याच्या कागदात मावत नव्हतं.

मी : म्हणजे आगीबद्दलचं तुमचं मत बदललं?

काका : नाही. आग दरवेळी चूक नसते, असं म्हणेन फार तर. आणि त्यावर माझ्या तीन अटी. ज्यानं लावली त्याचं नाव कागदावर हवं. जळल्यावर काय परत आलं नि काय आलं नाही, हे त्याच माणसांनी येऊन मोजलं पाहिजे. आणि ज्यांच्या दारात धूर जातो, ज्यांचं पोट त्या रानावर आहे, त्यांना आधी विचारलं पाहिजे. या तिन्हींतलं एक जरी नसेल तर तो वणवाच, मग कुणीही लावलेला असो.

मी : मान्य. आणि माझी एक भर. आग न लावणाऱ्यालाही हाच हिशेब लागू. ज्यानं पंचवीस वर्षं आग येऊ दिली नाही त्यानंही येऊन मोजावं, सावलीत काय मेलं ते.

काका : ती अट जड आहे.

मी : हो.

काका : पण बरोबर आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्यांच्या परतीच्या आधी, आम्ही पुन्हा गेलो. लुपिनचा हंगाम सरला होता. तुरे गेले होते, पानं पिवळी पडायला लागली होती. उन्हाळा तापला की हे झाड वरून मरतं आणि खाली मुळात जाऊन बसतं. देठांवर लवदार काळपट शेंगा होत्या. दुपारचं ऊन होतं आणि रानात टक्, टक् असा आवाज येत होता, आधी एकीकडून, मग दुसरीकडून. काकांनी मान वळवून शोधलं. शेंगा उन्हानं वाळून तडकत होत्या. दोन्ही बाजू पीळ घेऊन उलट्या वळत होत्या आणि बी हातभरच नाही, काही पावलं दूर फेकलं जात होतं. एक दाणा काकांच्या चपलेजवळ वाळूवर पडला. त्यांनी उचलला नाही. राखीव रानातलं काही उचलायचं नसतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

मग ते स्वतःहून त्या काळ्या तुकड्याकडे गेले. तो आता काळा राहिला नव्हता. ओकच्या बुंध्यांतून गुडघाभर फुटवे आले होते. जळक्या पाइनच्या खोडावर सुयांचे हिरवे गुच्छ सालीतूनच फुटले होते. आणि मध्ये, उघड्या वाळूवर, जळून पुन्हा उगवलेल्या लुपिनची पानं होती, बाकीची पिवळी पडत असताना ही अजून कोवळी. काका खाली बसले. एक पान उलटं करून त्यांनी ते उजेडासमोर धरलं. खिडकी नव्हती. दुसरं धरलं. तेही अखंड. पाचव्या की सहाव्या पानावर धूसर खिडकी सापडली, तांदळाच्या दाण्याएवढी.

त्यांनी मला ती दाखवली. मग शेजारच्या न जळालेल्या तुकड्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, जसं ते जाळरेषेची रुंदी मोजायचे तसं. ऐंशी पावलं भरली.

"आली म्हणायची ती तिकडून," काका म्हणाले. आणि पँटची वाळू झटकत विचारलं, "पुढची पाळी कुठल्या तुकड्याची?"